हक्क कोणाच्या तोंडी

सप्टेंबर १९७९. अर्जेंटिनात लष्कराने सत्ता बळकावून साडेतीन वर्षे झाली होती आणि आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगाचे पथक चौकशीसाठी ब्वेनोस आयर्समध्ये आले होते. आवेनिदा दे मायो या हमरस्त्यावरच्या कार्यालयाबाहेर बेपत्ता माणसांचे आईबाप आणि बहीणभाऊ तक्रार नोंदवायला रांग लावून उभे होते. त्याच सुमारास टोकियोत मॅराडोनाच्या युवा संघाने विश्वचषक जिंकला. रेडिओवरच्या एका नामांकित समालोचकाने श्रोत्यांना जल्लोषासाठी नेमके त्याच रस्त्यावर बोलावले, म्हणजे पाहुण्यांना 'खरा' देश दिसेल. झेंडे नाचवणारी गर्दी आणि ती रांग, दोन्ही एकाच रस्त्यावर. गाड्यांवर त्या काळात एक स्टिकर झळकत असे. स्पॅनिशमध्ये 'देरेचोस' म्हणजे हक्क, आणि 'देरेचोस' म्हणजे सरळमार्गी माणसेही. 'देरेचोस उमानोस', म्हणजे मानवी हक्क, या दोन शब्दांमध्ये एक 'आणि' घुसवून राजवटीने कोटी केली होती : आम्ही अर्जेंटिनी लोक सरळ आणि माणुसकीचे आहोत.

शेजारच्या ब्राझीलमध्ये पोर्तुगीज भाषेत हीच कोटी वेगळ्या वळणाने रुजली : मानवी हक्क हवेत ते सरळ माणसांसाठी. तिच्यामागे स्टिकर छापणारी राजवट नव्हती. लोकशाही परतल्यानंतर ती गप्पांत, रेडिओवर आणि पुढे निवडणुकीच्या प्रचारात आपसूक फिरत राहिली.

अर्जेंटिनात ती कोटी आज शरमेची आठवण म्हणून सांगितली जाते. ब्राझीलमध्ये ती अनेकांना अजून पटते. भाषा बहिणी-बहिणी, धर्म एक, दोन्हीकडे लष्करी राजवटीचा अनुभव. मग एकाच शब्दाबद्दल साध्या माणसांची समजूत इतकी वेगळी का झाली? मानवी हक्कांबद्दल लोकांना काय वाटते याचा गेल्या काही दशकांत जो अभ्यास झाला, त्याचा आढावा घेताना हा प्रश्न हाताशी ठेवलेला बरा. कारण या विषयावरचा नेहमीचा वाद 'पाश्चात्त्य की पौर्वात्य' असा चालतो, आणि त्या वादात ब्वेनोस आयर्स आणि साओ पाउलो यांतला फरक कुठेच बसत नाही.

विचारले कोणाला?

हा वाद संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याइतकाच जुना आहे. १९४७ साली युनेस्कोने जगभरच्या विचारवंतांना प्रश्नावली पाठवून हक्कांची कल्पना त्यांच्या परंपरेत कशी बसते हे विचारले. महात्मा गांधींनी छोटेसे पत्र पाठवले. हक्क हे नीट पार पाडलेल्या कर्तव्यातून येतात, हे आपण आपल्या निरक्षर पण शहाण्या आईकडून शिकलो, असा त्याचा आशय होता. त्या पत्रव्यवहारात एक साधी बाई डोकावते ती अशी, मुलाच्या आठवणीतून. त्याच वर्षी अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने इशारा दिला की एका संस्कृतीची मूल्ये सगळ्या जगाची म्हणून मांडू नयेत. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये तीस कलमांचा जाहीरनामा मंजूर झाला तेव्हा ४८ मते बाजूने पडली, विरोधात एकही नाही आणि आठ सदस्य तटस्थ राहिले : सहा साम्यवादी, सौदी अरेबिया आणि वर्णभेदी दक्षिण आफ्रिका. मसुद्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकणारा इंग्रजी शब्द होता. तो जाऊन 'सर्व मानव' आले ते भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे. म्हणजे जाहीरनामा निव्वळ पाश्चात्त्यांनी लिहिला हे खरे नाही. पण तो शिकलेल्या, परदेशी वावरलेल्या माणसांनी लिहिला हे मात्र खरे.

पुढे १९९३ मध्ये व्हिएन्नाच्या जागतिक परिषदेआधी बँकॉकला आशियाई सरकारे जमली आणि हक्कांचा विचार देशाच्या इतिहास-संस्कृतीच्या संदर्भात व्हावा असे ठासून सांगितले गेले. सिंगापूरचे ली क्वान यू आणि मलेशियाचे महाथीर 'आशियाई मूल्यां'ची बाजू लढवत होते. त्याच वेळी बँकॉकमध्येच आशियातल्या स्वयंसेवी संस्थांनी जमून सरकारांचे म्हणणे खोडून काढले. दोन्ही बाजू 'आमच्या लोकांना काय वाटते' हे सांगत होत्या. लोकांना जाऊन विचारण्याची तसदी मात्र फारशी कोणी घेतली नव्हती.

दारात येऊन विचारलेला प्रश्न

पाहण्या हळूहळू सुरू झाल्या. जागतिक मूल्य सर्वेक्षणात नव्वदच्या दशकापासून एक प्रश्न असतो : तुमच्या देशात सध्या मानवी हक्कांचा किती आदर राखला जातो? या आकड्यांवर काम करणाऱ्यांना ढोबळमानाने असे दिसले की लोक आंधळे नसतात. जिथे छळ आणि दडपशाही जास्त, तिथे लोकांचे उत्तरही साधारणपणे वाईट येते. पण माणूस उत्तर देतो तो कशाशी तरी ताडून : कालच्या राजवटीशी, शेजारच्या देशाशी, किंवा स्वतःच्या अपेक्षेशी. त्यामुळे दोन देशांचे आकडे शेजारी ठेवून पहिला-दुसरा नंबर काढणे फसवे आहे.

या सगळ्यात आपल्याला जवळचे काम आहे ते जेम्स रॉन, शॅनन गोल्डन, डेव्हिड क्रो आणि अर्चना पंड्या यांचे. २०१७ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. मेक्सिको, मोरोक्को, नायजेरिया आणि भारत या चार देशांतल्या सहा हजारांहून अधिक लोकांना त्यांनी प्रश्न विचारले, शिवाय साठ देशांतल्या २३३ हक्क-कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेतल्या. भारतातली पाहणी झाली ती मुंबई आणि आसपासच्या ग्रामीण भागात. म्हणजे उत्तर देणाऱ्यांत मराठी माणसे होती.

निष्कर्षांतले दोन-तीन लक्षात ठेवण्याजोगे. एक, 'मानवी हक्क' हा शब्द कानावर पडणे शिक्षण आणि उत्पन्नाबरोबर वाढते. ज्यांना त्याची गरज सर्वांत जास्त, त्यांच्यापर्यंत तो सर्वांत कमी पोचतो. दोन, हा शब्द म्हणजे अमेरिकेचा किंवा परक्यांचा कावा, असे मानणारे लोक सरकारी भाषणांवरून वाटते त्यापेक्षा कितीतरी कमी निघाले. बहुतेकांच्या मनात त्याचा संबंध होता तो छळ-हत्येपासून संरक्षणाशी आणि सामाजिक-आर्थिक न्यायाशी. उलट ज्यांचा बहुराष्ट्रीय कंपन्यांवर आणि स्वतःच्या सरकारवर विश्वास कमी, त्यांचा स्थानिक हक्क-संघटनांवर विश्वास जास्त. आणि तीन, लोकांची सदिच्छा असली तरी त्या संघटनांशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध फार थोडा. सभेला जाणारे कमी, वर्गणी देणारे त्याहून कमी. संघटनांचा पैसा बहुतांशी परदेशी देणगीदारांकडून येतो. देवळाला आणि मशिदीला दान देणारा माणूस हक्क-संघटनेला दान द्यायचे असते हे जाणतच नाही, कारण त्याच्याकडे कोणी मागायला गेलेले नसते.

पाहणीला तिची मर्यादा आहे. प्रश्नकर्ता 'मानवी हक्क' म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याला काय ऐकू येते? इथे मानववंशशास्त्रज्ञांचे काम सुरू होते.

शब्दांचे जुने संसार

मलावीत हेस्टिंग्ज बांडा यांची एकपक्षीय राजवट १९९३ च्या सार्वमताने हलली आणि पुढच्या वर्षी निवडणुका झाल्या. परदेशी मदतीवर चालणाऱ्या संस्थांनी खेडोपाडी हक्कांचे शिक्षण सुरू केले. चिचेवा भाषेत 'मानवी हक्क' यासाठी जो शब्द रूढ झाला, त्याचा शब्दशः अर्थ होतो 'जन्मासोबत आलेले स्वातंत्र्य'. हॅरी एंग्लंड यांनी २००६ च्या पुस्तकात या एका भाषांतराने काय घडले ते दाखवले. हक्क म्हणजे मोकळीक, असा अर्थ पक्का झाला. बोलण्याची मोकळीक, मत देण्याची मोकळीक. मजुरी, खत, दवाखाना यांवरचा दावा त्या शब्दात मावेना. खेड्यातले वडीलधारे म्हणू लागले की पोरे आता मोकाट सुटली, हेच ते हक्क. आणि मजूर मालकाविरुद्ध तक्रार घेऊन कायदा-सल्ला केंद्रात गेला की त्याच्या गाऱ्हाण्याचे एकट्यादुकट्याचे प्रकरण होऊन जाई. सगळ्या मजुरांना मिळून काही मागता येते हे त्याला तिथे कळत नसे.

अरबीत गोष्ट उलटी आहे. 'हक्क' या शब्दात सत्य, वास्तव, देणे आणि वाटा हे सगळे एकत्र नांदते. ईश्वराच्या नावांपैकी एक 'अल-हक्क'. फिक्‌हमध्ये, म्हणजे इस्लामी विधिशास्त्रात, ईश्वराचे हक्क वेगळे आणि बंद्यांचे वेगळे. मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गिर्ट्झ यांनी याच शब्दाला 'धर्म' आणि मलय 'अदत' (रूढी) यांच्या शेजारी ठेवून कायद्याच्या कल्पनांची तुलना केली होती. मोरोक्कोत कौटुंबिक कायदा बदलण्याचा वाद पेटला तेव्हा या शब्दाची ताकद दिसली. १२ मार्च २००० रोजी रबातमध्ये सुधारणेच्या बाजूने मोर्चा निघाला आणि त्याच दिवशी कासाब्लांकात विरोधात त्याहून मोठा. दोन्ही मोर्चांत बायका होत्या. आपला हक्क धर्माने दिला आहे, असे दोन्हीकडच्या म्हणू शकत होत्या. २००४ मध्ये कायदा बदलला, मुलीचे लग्नाचे वय अठरा झाले, पत्नीने आज्ञेत राहण्याची अट गेली. सुधारणावाद्यांनी आंतरराष्ट्रीय करारांबरोबर इज्तिहादचाही, म्हणजे धर्मवचनांचा स्वतंत्र विचाराने अर्थ लावण्याच्या परंपरेचाही, आधार घेतला होता. सॅली एंगल मेरी आणि पेगी लेविट यांनी लिमा, बीजिंग, बडोदा आणि न्यू यॉर्क इथल्या महिला संघटनांचा अभ्यास करून अशा रूपांतराला देशीकरण म्हटले. कल्पना बाहेरची, पेहराव गावचा. त्यांनी त्यातली अडचणही सांगितली. पेहराव फारच गावचा झाला तर कल्पनेची धार जाते आणि फारच परका राहिला तर ती कोणी घरात घेत नाही.

चिनीमध्ये १८६४ साली आंतरराष्ट्रीय कायद्यावरच्या एका इंग्रजी ग्रंथाच्या भाषांतरात 'सत्ता' आणि 'लाभ' ही दोन चिन्हे जोडून हक्कासाठी शब्द वापरला गेला. जपाननेही तोच उचलला. जुन्या चिनी ग्रंथांत सत्ता आणि लाभ ही जोडी काही चांगल्या अर्थाने येत नसे. शब्दाच्या जन्मापासूनच त्यात संशयाचा थेंब आहे.

आणि आपल्याकडे? पेशवाई दफ्तरात 'हक्क-लाजिमा' भेटतो तो वतनदाराचा. बलुतेदाराचा हक्क म्हणजे खळ्यावरचा त्याचा वाटा. म्हणजे हक्क होता, पण तो जन्माने ठरलेल्या जागेला चिकटलेला. 'अधिकार' तर त्याहून अवघड शब्द : वेदाचा अधिकार कोणाला आहे, यावर शतके गेली. जोतीराव फुल्यांनी थॉमस पेन वाचला आणि पुढे 'सार्वजनिक सत्यधर्म' या १८९१ साली निघालेल्या पुस्तकात हाच अधिकार 'मानवी' करून स्त्री-पुरुष दोघांच्या हाती दिला. पॅरिसच्या जाहीरनाम्याच्या अर्धशतकाहून आधी. शिवाय मराठीत आणखी एक अर्थ आहे, जो कोणत्याही कायद्यात सापडणार नाही. आपण 'हक्काचे माणूस' म्हणतो, 'हक्काने सांग' म्हणतो. इथे हक्क म्हणजे जवळीक. ज्याच्यावर दावा सांगता येतो, तो आपला. परक्यावर हक्क सांगायची मराठी माणसाला चोरी वाटते, आणि सरकार हे बहुतेकांच्या लेखी परकेच असते. तिथे अर्ज असतो, 'मेहेरबान साहेब' असतात, 'कृपा व्हावी' असते.

जखमेला मिळालेले नाव

पण शब्दाची वंशावळ सांगून सगळा उलगडा होत नाही. स्पॅनिश आणि पोर्तुगीज शब्द तर एकाच कुळातले. तिथे फरक पडला तो शब्द पहिल्यांदा कोणाच्या सोबत दारात आला यामुळे.

३० एप्रिल १९७७ रोजी चौदा आया ब्वेनोस आयर्सच्या प्लासा दे मायोत, राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोर जमल्या. मुले कुठे आहेत, एवढाच प्रश्न. जमावबंदी होती, पोलिसांनी थांबू नका म्हटले, म्हणून त्या चौकाभोवती चालू लागल्या. गर्दीत एकमेकींना ओळखता यावे म्हणून डोक्याला बाळाच्या लंगोटाचे पांढरे कापड बांधले. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांच्यातल्या तिघींनाही पळवून मारण्यात आले, तरी चालणे थांबले नाही. १९७९ च्या त्या भेटीत आयोगाकडे पाच हजारांहून अधिक तक्रारी आल्या. १९८४ च्या सरकारी अहवालाने जवळजवळ नऊ हजार बेपत्तांची नोंद केली आणि संघटना तीस हजारांचा आकडा सांगतात. अर्जेंटिनात 'मानवी हक्क' हा शब्द आला तो या बायकांच्या डोक्यावर बसून. मे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजवटीतल्या गुन्हेगारांना शिक्षेत सूट मिळेल असा निर्णय दिला, तेव्हा आठवड्याभरात संसदेने कायदा करून वाट बंद केली आणि प्रचंड जमावाने चौकात पांढरे रुमाल उंचावले. त्या गर्दीतल्या कितीजणांना तीस कलमे सांगता आली असती? पण लंगोटाच्या कापडाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता.

जपानमध्ये हा शब्द बुराकू समाजाच्या लढ्याला चिकटला आहे. कत्तलखाने, चामडे या कामांमुळे 'अपवित्र' ठरवलेले हे लोक १८७१ च्या फर्मानाने कागदावर मोकळे झाले, पण लग्नात आणि नोकरीत वस्तीचे नाव आड येत राहिले. १९२२ साली क्योतोत त्यांनी आपली संघटना उभारली. आजही जपानी शाळेत 'मानवी हक्क' म्हटले की भेदभाव आणि छळवणूक यांचा धडा आठवतो. तिथल्या टीकाकारांची तक्रार अशी की या धड्यातून हक्काचे रूपांतर 'दुसऱ्याशी आपुलकीने वागा' या उपदेशात झाले आणि सरकारकडे काय मागायचे ते बाजूलाच राहिले. आपल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकांची आठवण यावी असे हे वर्णन आहे.

अमेरिकेत उलटे घडले. तिथे जखम होती, पण तिला हे नाव मिळू दिले गेले नाही. १९४७ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांच्या पुढाकाराने कृष्णवर्णीयांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांपुढे गाऱ्हाणे मांडले. त्याआधीच, १९४६ मध्ये, अशाच एका अर्जाची प्रत मागण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डुबॉइस यांना पत्र लिहिले होते, कारण अस्पृश्यांचा प्रश्नही तिथे नेता येईल का याचा ते विचार करत होते. चवदार तळ्याच्या लढ्यात, १९२७ च्या डिसेंबरातल्या महाडच्या परिषदेत, त्यांनी आपल्या सभेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेशी केलेली होती. त्यांच्या दृष्टीने पाण्याचा प्रश्न तहानेपुरता नव्हता, माणूस म्हणून मोजले जाण्याचा होता. पण अमेरिकी सरकारला आपल्या घरातली भानगड जगाच्या चावडीवर नको होती. म्हणून तिथे शब्दांची वाटणी झाली. घरातले ते 'नागरी हक्क' आणि परदेशातले ते 'मानवी हक्क'. माल्कम एक्स यांनी ही भिंत ओलांडण्याचा आग्रह धरला होता. ती सर्वसामान्यांच्या मनात अजून उभी आहे, हे २०१४ साली डेट्रॉइटमध्ये दिसले. बिल थकले म्हणून हजारो घरांचे नळ तोडले, तेव्हा रहिवाशांच्या संघटनांनी संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांना बोलावले. तज्ज्ञांनी याला मानवी हक्कांचा भंग म्हटले. अमेरिकी न्यायाधीशांनी मात्र परवडणाऱ्या पाण्याचा असा हक्क कायद्यात नाही, असे सांगितले.

'त्यांचे' हक्क

आता ब्राझील. लष्करी काळात राजकीय कैद्यांच्या हक्कांची मोहीम तिथेही लोकप्रिय होती. ते कैदी विद्यार्थी, पत्रकार, मध्यमवर्गाची मुले होती. ऐंशीच्या दशकात साओ पाउलोमध्ये चर्च आणि नवे निवडून आलेले राज्य सरकार यांनी तोच शब्द साध्या चोर-दरोडेखोर कैद्यांसाठी वापरला. नेमकी त्याच वेळी महागाई आणि गुन्हेगारी वाढत होती. रेडिओवरच्या गुन्हेगारी कार्यक्रमांनी बोंब ठोकली : तुम्हाला रेशन नाही आणि कैद्यांना सवलती! मानववंशशास्त्रज्ञ तेरेसा काल्देइरा यांनी हे सविस्तर टिपले आहे. गरीब वस्तीतल्या लोकांनाही हक्क म्हणजे 'गुंडांची चैन' वाटू लागली, आणि पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडत होती ती बहुतेक त्यांच्याच वस्तीतली पोरे. २ ऑक्टोबर १९९२ रोजी कारांदिरू तुरुंगात पोलिसांनी १११ कैदी मारले. त्या दिवशीही सगळा देश हळहळला नाही.

ब्रिटनमध्ये १९९८ चा मानवी हक्क कायदा २००० पासून लागू झाला आणि वृत्तपत्रांनी तो कैदी, दहशतवादी व बेकायदा स्थलांतरित यांचा कायदा म्हणून रंगवला. २०११ मध्ये खुद्द गृहमंत्री थेरेसा मे यांनी पक्षाच्या अधिवेशनात सांगितले की एकाला मांजर पाळले म्हणून देशाबाहेर काढता आले नाही. न्यायालयाच्या प्रवक्त्यांनी लगेच खुलासा केला की निकालाचे कारण मांजर नव्हते. पण मांजर लोकांच्या लक्षात राहिले. उलट १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेत मेलेल्या फुटबॉलप्रेमींच्या कुटुंबांना सत्तावीस वर्षांनी सत्य मिळाले, त्यात याच कायद्यातल्या जगण्याच्या हक्काचा वाटा होता. लिव्हरपूलच्या त्या आयांना कोणी 'मानवी हक्कवाल्या' म्हटले नाही.

'मानवी हक्कवाले' हा शब्द आपण ओळखतो. चकमक झाली की 'आता कुठे गेले मानवी हक्कवाले' हे वाक्य कट्ट्यावर ठरलेले. ६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाचे चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले, तेव्हा पोलिसांवर फुले उधळली गेली. निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या आयोगाने पुढे निष्कर्ष काढला की गोळ्या जीव घेण्याच्या हेतूनेच झाडल्या होत्या. तोवर फुले सुकून गेली होती. फुले उधळणारे दुष्ट होते असे मला वाटत नाही. खटला वर्षानुवर्षे चालतो, हे त्यांनी पाहिलेले असते. न्याय मिळत नाही म्हणून ते सूड स्वीकारतात आणि हक्काची भाषा त्यांना त्या सुडाच्या आड येणारी वाटते. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने जून १९९५ मध्ये फाशी रद्द केली. बहुसंख्य लोकांना फाशी हवी असेल हे न्यायमूर्तींनी मान्य केले, आणि हक्काचा निवाडा बहुमताने होत नसतो हेही सांगितले. निकाल बरोबर होता. पण तो लोकांना पटवून देण्याचे काम न्यायालय करू शकत नाही, आणि ते दुसऱ्या कोणी फारसे केले नाही.

नियमाचे पान, घराची किल्ली

हा शब्द न उच्चारताही लोक हक्क मागतात, याचे सर्वांत मोठे उदाहरण चीन. १९९१ च्या श्वेतपत्रिकेत चिनी सरकारने जगण्याचा, म्हणजे पोट भरण्याचा हक्क पहिला ठरवला. खेड्यांत काय चालले होते ते केव्हिन ओब्रायन आणि लियांजियांग ली यांनी पाहिले. शेतकऱ्यांवर स्थानिक अधिकारी बेसुमार पट्ट्या लादत. केंद्राचा नियम होता की पट्टी आदल्या वर्षीच्या उत्पन्नाच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. गावकरी ते नियमाचे पान घेऊन अधिकाऱ्यासमोर उभे राहत, तालुक्याला जात, बीजिंगला अर्ज नेत. ते बंड करत नव्हते. तुमचाच कायदा पाळा म्हणत होते. यावर अभ्यासकांत वाद आहे. एलिझाबेथ पेरी म्हणतात ही नियमांची जाणीव आहे, सरकारपुढे उभ्या असलेल्या नागरिकाच्या हक्काची नव्हे. मला हा वाद थोडा पुस्तकी वाटतो. ज्याच्या हातात एकच पान आहे, तो तेच पुढे करणार.

राजस्थानातल्या मजूर किसान शक्ती संघटनेने १९९० पासून हेच केले, फक्त पान सरकारच्या कपाटातून बाहेर काढावे लागले. हजेरीपटावर मेलेल्यांची नावे आणि न झालेल्या कामांचे पैसे जनसुनवाईत मोठ्याने वाचले गेले. १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणे चालले आणि त्या वाटेने २००५ चा माहिती अधिकार आला. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळातून निघालेली रोजगार हमी १९७७ च्या कायद्याने पक्की झाली. 'मागेल त्याला काम' या तीन शब्दांत 'मानवी हक्क' कुठे नाही, पण मागणे आहे, आणि देणाऱ्यावर बंधन आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या गोंडांनी 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हटले आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, तेव्हाही त्यांचा आधार पॅरिसचा जाहीरनामा नव्हता, बांबूचे वन होते.

मागून मिळते मात्र थोडेच. केप टाउनजवळ पाडलेल्या झोपडीतल्या आयरीन ग्रूटबूम यांच्या नावाने २००० साली निकाल लागला की अगदी निराधारांसाठी काहीच तरतूद नसलेले गृहधोरण घटनेला धरून नाही. तो निकाल जगभर कायद्याच्या वर्गात शिकवतात. त्या स्वतः २००८ मध्ये वारल्या, तोवर त्यांना पक्के घर मिळालेले नव्हते.

अभ्यासक मायकल इग्नाटिएफ रिओ, लॉस एंजेलिस, बोस्निया, म्यानमार, फुकुशिमा, दक्षिण आफ्रिका असे फिरून २०१७ मध्ये लिहितात की साधी माणसे हक्कांच्या भाषेत बोलत नाहीत. ती विश्वास, क्षमा, सोसणे, शेजारधर्म अशा साध्या गुणांच्या भाषेत बोलतात. पण एक गोष्ट त्यांना सगळीकडे आढळली : आपले म्हणणे ऐकले गेलेच पाहिजे, याबद्दल आता कोणालाच शंका नाही. इग्नाटिएफ यांचे निरीक्षण बरोबर वाटते, पण त्यात एक धोका आहे. शेजारधर्म शेजाऱ्यापुरता असतो. ब्राझीलचा कैदी, ब्रिटनचा निर्वासित, हैदराबादचे आरोपी कोणाच्याच शेजारात येत नाहीत, आणि हक्काची गरज नेमकी तिथे लागते.

हक्कसोड

'लोकांना हक्कांची जाणीव नाही, जनजागृती हवी' हे वाक्य या विषयावरच्या प्रत्येक परिसंवादात ऐकू येते. वरचा सगळा पुरावा त्याच्या विरुद्ध बोलतो. लोकांना कमी माहीत असतो तो शब्द. आपल्यावर काय झाले, आणि मागायला गेलो तर काय मोजावे लागेल, हे त्यांना पुरते माहीत असते.

आपल्याकडे साध्या माणसाच्या आयुष्यात 'हक्क' हा शब्द लेखी येतो तो बहुधा एकाच कागदावर, हक्कसोडपत्रावर. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. गावोगावच्या बहिणींना हे माहीत आहे, तलाठ्याने आणि भावानेही सांगितलेले असते, कारण त्यांना माहीत आहे म्हणूनच तर सही लागते. आणि तरी कितीतरी बहिणी ती सही करतात. जमिनीचा तुकडा घेतला तर दिवाळीला माहेरचे दार उघडे राहील का, नवऱ्याने टाकले तर परत यायला जागा उरेल का, याचा हिशोब तिने केलेला असतो. सातबाऱ्यावरचा हक्क आणि 'हक्काचे माहेर', या दोन्हींत एकच शब्द आहे आणि तिला एकच निवडायचा असतो. तिच्याकडे प्रश्नावली घेऊन जाणाऱ्याने 'तुम्हाला तुमचे हक्क माहीत आहेत का' हे विचारू नये. सही का केली, एवढे विचारावे आणि खाली बसून ऐकावे.